न धुतलेली चिप

माझ्या दादाला विज्ञान कळत नाही, आणि ते कळत नाही हेही त्याला कळत नाही. त्याला येतं ते फक्त बोलणं. तो बोलायला लागला की समोरची शहाणीसुरती माणसं माना डोलावू लागतात. आमची कंपनी त्याच्या तोंडावर आणि माझ्या हातांवर चालते. कंपनीच्या भिंतीवर फोटो अर्थातच तोंडाचा आहे.

आमची चिप नखाएवढी असते. तिच्यावर सिलिकॉनच्या तारा असतात, इतक्या बारीक की एका केसाच्या जाडीत हजारभर सहज मावतील. त्या तारांवर मी अँटीबॉडीचा थर चढवते. विषाणूचं एक ठरावीक प्रथिन तेवढं ती अँटीबॉडी धरून ठेवते, बाकी कशाला विचारत नाही. धरलेल्या प्रथिनाचा विद्युतभार तारेला जाणवतो, तिच्यातला प्रवाह बदलतो आणि रीडर नावाच्या छोट्या डबीवर लाल दिवा लागतो. प्रथिन नसेल तर हिरवा.

अडचण एकच. लाळ खारट असते. तिच्यातले क्षार प्रथिनाभोवती गर्दी करून त्याचा भार झाकून टाकतात आणि खालच्या तारेला काही म्हणजे काही जाणवत नाही. म्हणून प्रथिन पकडलं गेलं की जवळपास बिनक्षाराच्या पाण्याने लाळ धुऊन काढायची आणि मगच दिवा बघायचा. हे धुणं मी वर्षभर डोकं फोडून बसवलं होतं.

दादाने ते काढून टाकलं.

"लोकांना एक थेंब हवा आणि एक दिवा हवा, चिमे. मध्ये ही धुणीभांडी कशाला?"

"धुतली नाहीस तर चिप आंधळी होईल."

"तू ना, फार बारीक बघतेस."

बारीक बघणं हाच आमचा धंदा आहे हे त्याच्या गावीही नव्हतं. त्याने सगळ्या ऑफिसला ओळीत उभं करून न धुतलेल्या चिपांवर थुंकायला लावलं. सगळे ठणठणीत होते, सगळ्यांचे दिवे हिरवे लागले. "एकही चूक नाही! शंभरपैकी शंभर!" म्हणून त्याने केक कापला. नुसता हिरवा बल्ब टेबलावर ठेवला असता तरी त्यालाही शंभर मिळाले असते, हे मी केकच्या वेळीच सांगितलं. लोक हसले, दादाही हसला, आणि दुसऱ्या दिवशी खोक्यांवर 'एक थेंब, एक दिवा' छापून आलं. परवाच्या बैठकीत याच विषयावर मी त्याच्याशी इतकी भांडले की दुसऱ्या दिवशी माझा घसा बसला. तो टेबलापलीकडून रुमालात शिंकत होता आणि मान हलवत होता. मी आपली तोंडाची वाफ दवडत होते.

पण हे भांडण ऑफिसात राहणारं नव्हतं, कारण घरी बाबा होते.

बाबांची किडनी नुकतीच बदलली होती. नवी किडनी शरीराने नाकारू नये म्हणून जी औषधं देतात, त्यांनी माणसाची प्रतिकारशक्ती पार झोपते. त्या दिवसांत आमची चिप जो पकडते तोच विषाणू शहरभर फिरत होता. धडधाकट माणसाला चार दिवस नाक गळण्यापलीकडे त्याचा त्रास नव्हता. बाबांच्या फुप्फुसात तो उतरला तर मात्र ते वाचणार नाहीत, असं डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं होतं. म्हणून घरातली मागची, काचेच्या सरकत्या दाराची खोली त्यांना दिली होती. दाराबाहेर स्टुलावर चिपा, रीडर आणि धुण्याच्या पाण्याची बाटली. बाबांना रोज स्वतःला तपासता यावं म्हणून आतही तसाच एक संच. जो येईल त्याने चिपेवर थुंकायचं, चिप मी धुणार, मग दिवा. आठवड्यातून एकदा येणाऱ्या नर्सला सूट नाही, आत्याला सूट नाही. आत्या रुसून निघून गेली. जाऊ दे म्हटलं.

बाबा आयुष्यभर शाळेत गणित शिकवत आले. पेपर तपासताना ते ज्या चेहऱ्याने बसत, त्याच चेहऱ्याने आता काचेआडून आम्हा सगळ्यांकडे बघत असत.

त्या बैठकीनंतर दोन दिवसांनी, संध्याकाळी दादा आला तो कॅमेरावाल्याला घेऊनच. संस्थापक स्वतःची चिप वापरून स्वतःच्या आजारी वडिलांना भेटतो, अशी फिल्म त्याला हवी होती. नवा कोट चढवला होता. नाक टोमॅटोसारखं लाल.

"तुला सर्दी झालीय," मी म्हणाले.

"अ‍ॅलर्जी आहे गं. नव्या गालिच्याची." मग कॅमेऱ्याकडे वळून त्याचा तो मधाळ आवाज: "एक थेंब." तो चिपेवर थुंकला. थोड्या वेळाने दिवा हिरवा लागला. "एक दिवा!" आणि त्याने दाराच्या मुठीला हात घातला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्याचा कोट मागून धरून ओढला. टर्रकन आवाज झाला.

"चिमे, कॅमेरा चालू आहे!"

"चालू दे. हीच चिप. तू थुंकलास तीच. नीट बघ."

रीडरमधून चिप काढून मी तिच्यावर बाटलीतलं पाणी सोडलं, निथळू दिलं, पुन्हा सोडलं आणि चिप परत आत सरकवली. दादा कॅमेरावाल्याला सांगत होता की हा भाग कापायचा. दिवा लागला. लाल.

"तू काहीतरी केलंस," दादा म्हणाला.

"धुतली! तुला जे धुणीभांडी वाटतं तेवढंच केलं. काय पण दिवे लावलेस रे! तुझ्या त्या गालिच्याला जाऊन विचार, त्याच्याकडे विषाणूचं प्रथिन कुठून आलं. हजारो खोकी छापलीस, आणि स्वतःच्या बापाच्या खोलीत हे घेऊन चालला होतास!"

दादाचं तोंड पडलं. त्याच्या तोंडातून शब्द फुटत नाही, असं मी जन्मात पहिल्यांदा बघत होते, आणि मला फार बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, आणखी पाच मिनिटं मी त्याला सोडणार नव्हते.

तेवढ्यात काचेवर टकटक झाली. बाबा उठून दाराशी आले होते.

"तुझी कुठाय?" त्यांनी मला विचारलं.

"माझी काय?"

"चिप."

"बाबा, मी चिप बनवते."

"मी गणिताचे पेपर काढायचो. म्हणून माझं गणित कधी चुकलंच नाही का?"

मी हसले. त्यांचं समाधान व्हावं म्हणून नवी चिप घेतली, थुंकले, थांबले, धुतली. बघत होते मी दादाकडेच. दिवा आधी कॅमेरावाल्याला दिसला. तो म्हणाला, "मॅडम..."

लाल.

घसा. बैठकीतलं ते टेबल, तो रुमाल, त्या शिंका. घसा भांडून बसला असं मी ठरवूनच टाकलं होतं. आणि आज सकाळी औषधं द्यायला मी आत गेले होते, चाचणी न करता. नर्सला सूट नाही, आत्याला नाही, पण मला कोण तपासणार? तोंडावर मास्क होता. उशी सरकवताना त्यांच्यावर मी केवढी वाकले होते!

माझ्या चेहऱ्यावरून बाबांना समजलं असावं. त्यांनी आतल्या टेबलावरची चिप घेतली, तिच्यावर थुंकले, मी शिकवलं होतं तशी धुतली, आणि काचेपलीकडे रीडर हातात धरून उभे राहिले. मी आणि दादा काचेला नाक लावून उभे होतो, वर्गाबाहेर काढलेल्या पोरांसारखे. दादा हळूच म्हणाला, "हिरवा लागेल ना गं?"

हिरवा लागला.

"आजचा हिरवा आजच्यापुरता," मी म्हणाले. "उद्या पुन्हा बघायला लागेल, बाबा. परवाही."

"बघेन." त्यांनी रीडर खाली ठेवला. "दोघंही नापास. पुढचा!"

पुढचा म्हणजे कॅमेरावाला. तो गडबडून थुंकला. मी दोन पावलं मागून सांगत गेले आणि त्याने स्वतःच चिप धुतली. हिरवा. त्याने कॅमेरा खुर्चीवर ठेवला, मास्क चढवला, हात धुतले. मग आम्हा दोघांना व्हरांड्याच्या टोकाला पिटाळून तो आत गेला. तिथून मी ओरडून सांगत होते, "पांढऱ्या दोन, गुलाबी अर्धी," आणि तो परका माणूस माझ्या बापाला गोळ्या काढून देत होता. त्याने उशी सरळ केली, पाणी पाजलं. बाबांनी त्याला बसायला सांगितलं.

मग बाबांनी काचेतून मला खुणावलं. मी रुमाल तोंडाला दाबून काचेजवळ गेले.

"तुझा भाऊ मूर्ख आहे हे तो पाचवीत होता तेव्हापासून मला माहीत आहे," बाबा म्हणाले. "तुला मी हुशार समजत होतो."

आणि त्यांनी पडदा ओढून घेतला.