आकडा उतरवणारा बाबा

स्टुडिओच्या मागच्या खोलीत मुंगी शिरायला जागा नव्हती. टेलर, औषधवाला, समोरची पार्लरवाली, सगळे एकमेकांच्या खांद्यावर हनुवटी टेकून उभे. खिडकी त्या खोलीला नव्हतीच. दार होतं, ते माणसांनी बुजवलेलं. आणि सगळ्यांच्या मधे, कॉम्प्युटरपुढच्या खुर्चीत, घरातली सून अंग चोरून बसलेली.

पडद्याच्या कोपऱ्यात दोन आकडे दिसत होते. वरचा प्रोसेसरचा ताप, खालचा ग्राफिक्स कार्डाचा. खालचा चौऱ्याण्णववर जाऊन बसला होता.

"काम थांबव, बाई," मशीनचा ताप उतरवायला आलेले गारवाबाबा म्हणाले. "राबतं यंत्र मंत्र घेत नाही."

तिनं काम थांबवलं. बाबांनी डोळे मिटले, कॅबिनेटवर तळवा ठेवला आणि पुटपुटायला लागले. आकडा घसरला. नव्वद. ऐंशी. बहात्तर. एकसष्ट.

"उतरला की हो!" टेलर ओरडला. पार्लरवालीनं तर हातच जोडले.

"देवाची भाषा तुम्हाला कळत नाही, लेकरांनो," बाबा एक डोळा उघडून म्हणाले, "म्हणून देव आता आकड्यात बोलतो. डिग्री सेल्सिअसमध्ये!"

फोटो स्टुडिओ तिच्या नवऱ्याचा. तो पुढं फोटो काढायचा, ही मागं बसून लग्नाचे व्हिडिओ जोडायची. तुकडे जुळवून झाले की मशीन त्यांची एक सलग फिल्म तयार करतं, त्याला म्हणतात रेंडर. आणि हल्ली मशीन अर्ध्या रेंडरमध्येच तापून बंद पडायचं. म्हणून सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, मागं एकदा बाबांना आणलं. बाबांनी मशीनभोवती लाल कापड गुंडाळलं, मागच्या जाळीवर मंतरलेला तांब्याचा पत्रा चिकटवला आणि बजावलं, "याला हात लावाल तर भस्म व्हाल." त्या दिवसापासून मशीन जास्तच बंद पडायला लागलं. आता हे बाबांच्या तोंडावर कोण सांगणार? पुन्हा बाबांनाच बोलावलं.

बाबांनी आज निकालच दिला.

"पत्र्यात खोट नाही. खोट हातात आहे. या बाईच्या हाताला आग आहे. ही बसली की ताप चढतो. उठवा हिला, अण्णा. पुन्हा या खोलीत हिचं पाऊल नको."

या घरात तिनं स्वतःचं म्हणावं असं एवढंच मिळवलं होतं, ही खुर्ची आणि हे काम. तिनं नवऱ्याकडं पाहिलं. तो कॅमेऱ्याची लेन्स पुसत होता, पुसून पुसून भोक पडेल अशी.

"अहो, बोला की काहीतरी."

"आता बाबाच म्हणतात म्हटल्यावर..."

पळावं तर दारात माणसं. बसावं तर हाताला आग. आणि एकदा उठलं की कायमचं उठणं.

"मग काम कोण करणार?" तिनं कसंबसं विचारलं.

"कोण म्हणजे? अण्णा! त्यांचा हात बर्फासारखा. मी बघितलाय."

अण्णांनी आयुष्यभर ट्रक चालवलेला. हात कसले, नुसता खडबडीत दगड. पण कौतुक कुणाला नको असतं? छाती फुगवून ते खुर्चीत बसले. सून उठून मागं उभी राहिली.

"काय करू, पोरी?"

"हे बटण दाबा, अण्णा. थांबवलेलं रेंडर पुन्हा सुरू होईल."

अण्णांनी दाबलं. आकडा हलला. सत्तर. ब्याऐंशी. नव्वद.

"आयला," अण्णा बोटांकडं बघत म्हणाले, "माझ्याबी हाताला आग?"

टेलर फिस्सकन हसला. बाबांनी घाईघाईनं तळवा टेकवला आणि मंत्र सुरू केला. आकडा ब्याण्णव. मंत्र वाढला, तसा आकडाही वाढला.

"काम थांबवा!" बाबा किंचाळले. "आधी काम थांबवा!"

तिच्या डोक्यात तेव्हा लख्ख प्रकाश पडला. मागच्या वेळीही हेच. आधी काम थांबवायला लावायचं, मग मंत्र.

"नाही थांबवायचं," ती म्हणाली. "चालू कामात ताप उतरवा की, बाबा. का देव रिकाम्या मशीनवरच प्रसन्न होतो?"

"उद्धट! यंत्र कोपेल!"

"बरं. अण्णा, आता थांबवा. आणि बाबा, तुम्ही हात मागं घ्या, तोंड मिटा."

अण्णांनी थांबवलं. कुणी मंत्र म्हटला नाही, कुणी हात लावला नाही, आणि आकडा आपला आपण पहिल्यासारखाच खाली आला.

"अरे तिच्या!" अण्णांनी मांडीवर थाप मारली. "घाट चढताना इंजिन तापतं, माथ्यावर गाडी उभी केली की निवतं. त्यासाठी कधी बाबा बसवला नव्हता मी केबिनमध्ये! पण मग हे बंद का पडतं गं?"

तिनं मशीन बंद केलं आणि हात कापडाला घातला.

"अगं, भस्म..." नवरा दचकला.

"होऊ दे."

कापड फाडलं, पत्रा उपटला. मागची जाळी धुळीनं मेणचटलेली.

"आतला पंखा गरम हवा इथून बाहेर टाकतो. निम्मी वाट धुळीनं बुजली होती, उरलेली या पत्र्यानं. पुढून कापडामुळं गार हवा आत जाईना. सगळा ताप आतल्या आत कोंडला."

"म्हणजे रेडिएटरवर गोणपाट बांधलं मी," अण्णा हळू आवाजात म्हणाले. "तेही बाबांच्या पाया पडून."

पार्लरवालीनं पर्समधला ब्रश काढून दिला. जाळी झाडली, मशीन लावलं, रेंडर सुरू केलं. आकडा चढत चढत त्र्याहत्तरवर गेला आणि तिथंच थांबला. काम पुढं सरकत राहिलं. बाबा सटकायला बघत होते, पण दारातल्या गर्दीत टेलरनं त्यांची बाही धरली होती. "माझ्या भरतकामाच्या मशीनला पण पत्रा चिकटवलाय तुम्ही. चला, आधी तो काढा."

अण्णा खुर्चीतून उठले. "बस, पोरी."

"बसते. आधी दारातनं सरका सगळे. हवा येऊ द्या."

तर मंडळी, कुणी आकडा उतरवून दाखवला तर टाळी सावकाश वाजवा. आधी विचारा, काम चालू होतं का बंद? आणि घरातल्या बाईच्या हाताला कुणी दोष दिला, तर तेच काम एकदा स्वतःच्या हातानं करून बघा.