फळीपलीकडचा सुरक्षा विभाग

त्या दुकानात कुलपाला किंमत नव्हती आणि दादाला याचाच अभिमान. "आपल्यात आपण काय लपवायचं?" असं तो येता-जाता म्हणायचा. दुकान केसांच्या टोपांचं. त्याचं ऑनलाइन खातं होतं, खात्याला पासवर्डही होता. पण पासवर्ड म्हणजे वडिलांचं नाव, आणि ते नाव बाहेरच्या पाटीवर हातभर अक्षरांत रंगवलेलं. कुलूप लावायचं, किल्ली त्याच दारावर टांगायची आणि वर दिवाही लावायचा, त्यातली गत. तो पासवर्ड आईला ठाऊक होता, वहिनीला ठाऊक होता, आणि वहिनीच्या भावालाही ठाऊक होता.

हा वहिनीचा भाऊ म्हणजे मेहुणेबुवा. त्यांचा धंदा जाहिरातींचा. बोलायला लागले की समोरच्याला शब्द घुसवायला फट मिळायची नाही. दादाला ते फार हुशार वाटायचे. दादाला जोरात बोलणारा कोणीही हुशारच वाटतो, हा त्याचा जुना रोग आहे.

टोप बनवायची ती दादाची बहीण, धाकटी. चाळिशी ओलांडली, चष्मा लागला, तरी घरात नाव धाकटीच. दादा पुढे काउंटरवर बसून गिऱ्हाइकांशी गोड बोलायचा, आणि प्लायवूडच्या फळीमागे ती लाकडी डोक्यावर जाळी ताणून बारीक आकडीने एकेक केस ओवत बसायची. एक टोप पुरा व्हायला आठवडे लागायचे. गिऱ्हाइकं बहुतेक बायका, आजारपणात केस गेलेल्या. ज्यांना घराबाहेर पडवत नसे त्या मापासाठी फोटो पाठवायच्या, समोरून, बाजूंनी, मागून. जे डोकं नवऱ्यालाही रुमालाशिवाय दाखवलं नाही, ते त्या धाकटीला पाठवायच्या. ती फोटो उघडायची तेव्हा आधी मागे वळून बघायची, कोणी उभं नाही ना.

आणि असाच एक फोटो एका सकाळी जाहिरात होऊन गावभर झाला. आधी टक्कल, नंतर टोप, शेजारी दुकानाचं नाव. डोळ्यांवर काळी पट्टी होती म्हणे. पण हनुवटीवरचा तीळ पट्टीखाली कसा जाणार? ती बाई वाचनालयात ग्रंथपाल. तिथे रोज दोनशे माणसं तिच्यासमोर पुस्तकं ठेवतात. ती दुकानात आली आणि खुर्चीवर बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं. थोड्या वेळाने उठली, टोप काढून काउंटरवर ठेवला आणि रुमाल बांधून निघून गेली.

"अहो, प्रतिसाद काय जबरदस्त आला!" मेहुणेबुवा म्हणाले.

धाकटीच्या अंगाचा तिळपापड झाला. याला म्हणतात केसाने गळा कापणं, आणि आपलं नाव त्यात गुंतलंय, एवढंच तिच्या डोक्यात घुमत राहिलं. दादाने फोटो उतरवायला लावला, पण "होतं असं कधीकधी" म्हणून हात झटकले. त्या दुपारी सगळे जेवून लवंडले असताना तिने खातं उघडलं. पासवर्ड बदलला. मग दुहेरी पडताळणीचा पर्याय शोधून चालू केला आणि त्यात स्वतःचा नंबर घातला. आता नुसत्या पासवर्डने कोणी आत येणार नव्हतं. कोणी नव्या ठिकाणाहून उघडायला गेलं की तिच्या फोनवर कोड येणार, आणि तो दिला तरच दार उघडणार. सगळं व्हायला चहा उकळायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. इतकं सोपं होतं आणि आपण इतकी वर्षं केलं नाही, याचाच तिला जास्त राग आला.

"पण दर वेळी ते कोड-बिड म्हणजे कटकट नाही का हो?" संध्याकाळी कळल्यावर वहिनीने विचारलं.

"माझा फोन ते ओळखतं, वहिनी. मला परत परत विचारत नाही. कटकट फक्त परक्याला."

"आणि आम्ही परके?"

"फोटो ज्यांचे आहेत त्यांना विचारा."

वहिनी तोंड फिरवून कामाला लागली. पण बातमी पोचायची तिथे पोचली. नवा पासवर्ड दादाने मागितला, तो तिने दिलाही, काउंटरवर मोठ्याने सांगितला. दादा चक्रावला. दुसऱ्या दिवशी फळीपलीकडे खुसुरफुसुर सुरू झाली आणि धाकटीचा फोन टणकन वाजला. कोड आला होता. कोणीतरी दार ठोठावत होतं, आणि कोण ते ओळखायला ज्योतिषी नको होता.

"धाकटे, कोड सांग गं जरा!" दादा तिकडून ओरडला.

"कशाला?"

"काम आहे!"

"मग काम मला सांग, मी करून देते."

पुन्हा खुसुरफुसुर झाली. थोड्या वेळाने फोन पुन्हा टणकला, आणि लगेच एका अनोळखी नंबरवरून कॉल आला.

"नमस्कार मॅडम," नाक दाबून काढलेला आवाज म्हणाला, "सुरक्षा विभागातून बोलतोय. आपलं खातं धोक्यात आहे. आत्ता जो कोड आलाय तो त्वरित सांगा."

धाकटीला 'धोक्यात' दोनदा ऐकू आलं, एकदा कानाशी आणि एकदा फळीतून. जगात भामटे काय कमी आहेत, पण तीन हातांवर बसून शेंडी लावणारा तिला आजच भेटला.

"खातं धोक्यात आहे, बरोबर," ती मोठ्याने म्हणाली. "आणि धोका काउंटरवर बसून चहा पितोय. कप धुऊन ठेवा म्हणावं."

कॉल बंद झाला. मेहुणेबुवा तरातरा आत आले, मागून दादा, आणि आवाज ऐकून आईही आली.

"चेष्टा चाललीय का?" मेहुणेबुवा कडाडले. "मोठा फलक ठरलाय, चौकातला! दहा डोकी, आधी आणि नंतर. सगळं तयार आहे, फोटो तेवढे हवेत."

"मिळणार नाहीत."

"दे गं बाई," आई म्हणाली. "भावाचा मान ठेव. चार लोकांत तमाशा नको."

"मान ठेवते, आई. कोड देत नाही."

दादाचा चेहरा लाल झाला. "दुकान माझ्या नावावर आहे. कोड दे, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

या फळीमागे धाकटीचं अर्धं आयुष्य गेलं होतं आणि दुसरं कुठलं काम तिला येत नव्हतं. तिने आकडी खाली ठेवली.

"नाही येणार. पण फोन माझा आहे, तो माझ्याबरोबर जाईल. त्या बायकांनी डोकी माझ्याकडे दिलीत, पाटीकडे नाही."

"एवढं काय लपवायचंय त्यात?" मेहुणेबुवा हसले. "चार टकली डोकीच ना!"

दादा एकदम चपापला. त्याचा हात आपोआप कपाळाच्या कडेला गेला. दादाच्या डोक्यावरचा दाट भांग धाकटीच्या हातचा होता, ऐन पंचविशीपासूनचा. वहिनीला लग्नानंतर कळलं होतं, पण तिच्या माहेरी कोणाला ताकास तूर लागू दिली नव्हती. नवा टोप करताना धाकटीने त्याचे मापाचे फोटो काढले होते, समोरून, बाजूंनी, मागून. ते त्याच खात्यात होते.

तिने नुसतं एक वाक्य बोलायचा अवकाश होता. मेहुणेबुवांचं हसू आणि दादाचा तोरा दोन्ही जागच्या जागी उतरले असते. वाक्य जिभेवर आलं होतं आणि दादाला ते दिसलं. त्याने तिच्याकडे असं पाहिलं, जसं तिच्याकडे फक्त त्या बायका बघत.

धाकटीने ते वाक्य गिळलं.

"त्यातला एकही फोटो बाहेर जाणार नाही," ती म्हणाली. "कोणाचाच नाही. फलक सोडा, नाहीतर मला घालवा."

"बघितलंत?" मेहुणेबुवा दादाकडे वळले. "आता तुम्हीच सांगा हिला!"

"मेहुणे, तुम्ही निघा," दादा म्हणाला. "फलक नको."

"अहो, पण..."

"नको म्हटलं ना!"

ते पाय आपटत गेले. आईही काही न कळून त्यांची समजूत घालायला मागोमाग गेली. दादा फळीला टेकून उभा राहिला.

"माझे फोटो," तो हळूच म्हणाला. "पुसून टाकशील?"

"पुसते. तुझं डोकं, तुझा शब्द." तिने त्याच्यासमोरच खातं उघडलं, ते फोटो शोधले आणि एकेक करून पुसले. दादा शेवटचा जाईपर्यंत बघत राहिला.

"त्या सगळ्यांना असंच वाटत असेल, नाही?"

"असंच."

दादा जायला वळला, आणि दारात थांबला. त्याला स्वतःचा स्वभाव माहीत होता. कोणी जोरात बोललं की तो उद्या पुन्हा विरघळणार होता.

"धाकटे, मी कोड परत मागितला ना, तरी देऊ नकोस."

"देणारच नव्हते," धाकटी म्हणाली आणि तिने आकडी उचलली.