एकवीस दिवस बिनलेन्सचे

हेवॉनच्या फोनमधल्या कॅलेंडरवर अठरा फुल्या झाल्या होत्या, तीन उरल्या होत्या. चौदा वर्षं हार्ड लेन्स घातल्या की बुबुळ दबतं. ते मूळ आकारावर यायला एकवीस दिवस लेन्स नाही म्हणजे नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मग मोजमाप, मग लेझर. तोवर उणे आठचा चष्मा.

बुसानच्या त्या समुद्राकाठच्या हॉटेलात पुढच्या काउंटरवरच्या बायकांनी चष्मा लावू नये, असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. लिहिलेलं नव्हतं म्हणून मोडताही येत नव्हतं. तिथेच उपव्यवस्थापक बेकसाहेब काळा जाड चष्मा लावून बसत, आणि पाहुण्यांना ते विद्वान वाटत. हेवॉनला मात्र काउंटरप्रमुख प्योबाईंनी चष्म्याच्या पहिल्याच दिवशी मागच्या खोलीत फोनवर बसवलं होतं.

"आजारी दिसतेस गं. पाहुणे काय आजारपण बघायला येतात इथे?"

एकोणिसाव्या दिवशी मुख्य कार्यालयाची मंडळी तपासणीला येऊन धडकली, आणि नेमकी पुढची एक मुलगी तापाने घरी.

"हेवॉन, लेन्स घाल आणि पुढे ये."

"मॅडम, परवा डोळ्यांचं मोजमाप आहे."

"एका दिवसानं काय डोळा वाकडा होतो? मी वीस वर्षं घालतेय." प्योबाईंनी डोळ्यात थेंब टाकले. तासाभरातली ही तिसरी खेप.

"बेकसाहेब तर चष्म्यातच बसतात."

"बेकसाहेब पुरुष आहेत," प्योबाई म्हणाल्या. जणू पुरुष असणं म्हणजे डोळ्यांची मजबुती!

हेवॉनने दात-ओठ खात लेन्स घातल्या. दहा तास हसली. घरी जाऊन एकोणिसावी फुलीही मारली. चूक दुसऱ्याची, फुली मात्र आपल्या हातची.

दवाखान्यात बाकं भरून गेली होती. विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा नुकतीच संपलेली, पोरींना आयांकडून बक्षीस म्हणून नवे डोळे. फॉर्मवर प्रश्न होता: एकवीस दिवसांत लेन्स घातली? हेवॉनने ‘नाही’वर खूण केली.

डॉक्टरांनी डाव्या बुबुळाचे लागोपाठ काढलेले दोन नकाशे शेजारी ठेवले. "हे जुळत नाहीत. लेन्स कधी घातली होती?"

"नाही घातली."

"बाई, या आकड्यांवर मी लेझर मारला तर भलतंच कापलं जाईल. कापलेलं बुबुळ परत शिवता येत नाही."

हेवॉनने फॉर्म ओढून घेतला आणि खूण खोडली. "परवा. दहा तास."

"मग उद्यापासून पुन्हा एकपासून मोजा." पुढची तारीख सोल्लालचा, म्हणजे नववर्षाचा सण उलटल्यावरची मिळाली.

घरी जाताना बसमध्ये ती इतकी धुमसत होती, की चष्म्यावर वाफ धरली. दुसऱ्या दिवशी ती चष्म्यासकट थेट पुढच्या काउंटरवर जाऊन उभी राहिली.

"काढ तो," प्योबाई दातांआडून म्हणाल्या.

"काढते की." तिने चष्मा घडी करून त्यांच्या हातात ठेवला.

समोर कुणीतरी आलं. हेवॉनने ओळखपत्र नाकाला लावलं. मग अख्ख्या दालनाला ऐकू जाईल असं विचारलं, "मॅडम, हे आठ आहे की तीन? आणि पुढे उभे आहेत ते आजोबा की आजी?"

बेकसाहेबांनी चष्म्यासकट मान संगणकात खुपसली.

"आजी आहे गं मी!" समोरून खणखणीत आवाज आला. "तुझा चष्मा कुठाय?"

"आमच्या प्रमुखांच्या मुठीत."

"मग द्या की हो तिला! उगाच मला दुसऱ्याच्या खोलीत झोपवाल."

मागे रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. प्योबाईंनी चष्मा काउंटरवर आपटला. "लाव. पण मुख्य कार्यालयाची माणसं आली की मागे जायचं."

"नाही जायचं."

हेवॉनने चष्मा लावला. आजींची खोली आठशे तीन निघाली. मग तिने प्योबाईंकडे पाहिलं, नीट. त्यांचा डावा डोळा लालभडक झाला होता, पाणी गळत होतं.

"तुम्हीही काढा त्या लेन्स," ती म्हणाली. आवाजात माया नव्हती.

प्योबाई खिशातली थेंबांची बाटली चाचपत निघून गेल्या. हेवॉनने फोनवरच्या सगळ्या फुल्या पुसल्या आणि एक मारली. ही खरी.