वेनिंगचं तेंपे

इंडोनेशियातल्या योग्याकार्ताजवळच्या आमच्या शाळेत नववीची मुलं तेंपे स्वतः करून शिकतात. उकडलेल्या सोयाबीनला बुरशीचं विरजण लावायचं आणि पुडी बांधून ठेवायची. दोनेक दिवसांत पांढरीशुभ्र वडी जमते. वेनिंगची मात्र बुळबुळीत झाली आणि वास मारायला लागली.

"कोंबड्यासुद्धा तोंड लावणार नाहीत हिला," तिच्या वर्गातला गालिह म्हणाला.

"बाई, काय चुकलं ते सांगा ना!" ती माझ्यावर चिडली. मला कळलं होतं, पण मी सांगितलं नाही. ती रुसून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी तिने तीन पुड्या बांधल्या. एक आधीसारखीच घट्ट प्लॅस्टिकची, एक सुईने भोकं पाडलेल्या प्लॅस्टिकची आणि एक केळीच्या पानाची. पहिली पुन्हा नासली. उरलेल्या दोन्ही छान जमल्या.

"बुरशीला हवा लागते, बाई! तुम्हाला माहीत होतं ना?"

"होतं."

"दुष्ट आहात तुम्ही!" हसत हसत तिने वड्या तळायला घेतल्या.

"भोकं मोठाली पाडली तर लवकर जमेल का गं?" गालिहने विचारलं.

"तूच बघ ना बांधून," ती म्हणाली आणि पहिला गरम तुकडा तिने स्वतःच्याच तोंडात टाकला.