उष्टावणाची वाटी

मित्रांनो, मी एक जुनी वाटी आहे. चांदीची आहे, एवढाच काय तो माझा तोरा. बाकी मिरवण्यासारखे माझ्यात फारसे काही नाही. मोठ्या माणसाच्या तळहातात मी अख्खी मावते. माझ्यात वरण वाढले तर धडधाकट माणूस ते दोन घासांत संपवील आणि पुन्हा माझ्याकडे वळूनही पाहणार नाही. घरातल्या स्टीलच्या वाट्या तर मला आपल्यातली समजतच नसत.

माझा जन्म वाशिमच्या एका सोनाराच्या दुकानात झाला. अनसिंगचे व्यापारी पूनमचंदजी बायकोच्या पायातल्या जुन्या चांदीच्या तोरड्या फडक्यात बांधून घेऊन आले होते. त्यांची बहीण भागिरथीबाई रिसोडला दिलेली. तिच्या मुलाचे उष्टावण ठरले होते. बाळाला पहिले अन्न मामाने भरवायचे आणि ते चांदीच्या वाटीतून, असा त्यांच्या घराण्याचा रिवाज. सोनाराने तोरड्या आटवल्या, पत्रा केला, ठोकठोक ठोकले आणि मला घडवले. दुखले का, असे विचाराल तर हो, दुखले.

बाळाचे नाव अंकित. मामाच्या मांडीवर बसून त्याने बोटभर खीर चाखली, तोंड वाकडे केले आणि मला दोन्ही हातांनी धरून फरशीवर भिरकावले! माझ्या काठाला खड्डा पडला. सगळे हसले. भागिरथीबाईंनी मला उचलले, पुसले आणि पुन्हा भरले. त्या दिवसापासून पेज, मुगाच्या डाळीचे पाणी, दूधभात, सारे त्याने माझ्यातूनच खाल्ले. ते माझे सुखाचे दिवस. मग पोर मोठे झाले, त्याला मोठे ताट आले आणि मला लाल कापडात गुंडाळून कपाटात ठेवण्यात आले. धनतेरसला तेवढी पूजेपुरती बाहेर येई.

कपाट स्वयंपाकघरातच होते. दिसत नसले तरी ऐकू सारे येई आणि उरलेले घरच्यांच्या बोलण्यातून कळे. हे घर जैनांचे. इथे दोन नियम फार कडक. दिवस मावळल्यावर अन्नाचा कण तोंडात घालायचा नाही, हा एक. ताटात काही टाकायचे नाही, हा दुसरा. जेवण झाले की ताटातच पाणी ओतायचे, बोटांनी ताट धुवायचे आणि ते पाणीही पिऊन टाकायचे. ओल्या उष्ट्यात जीव जन्म घेतात, ते आपल्यामुळे मरू नयेत, म्हणून. अंकितचे ताट तर असे लख्ख असे की पाहुण्यांना वाटे, हा जेवायचाच आहे अजून.

त्याच्या खाण्याचे घरात कौतुक होते. 'माह्या पोरासारखं जेवणारं अख्ख्या रिसोडात नाही,' असे भागिरथीबाई अभिमानाने सांगत. समाजाच्या पंगतीत तो बसला की वाढपी त्याच्याभोवती गोळा होत. लोक त्याला समोर वाढत आणि पाठीमागे हसत. ते हसणे त्याला कळत होते. तरी तो आणखी एक जिलेबी घेई, कारण नाही म्हणायला त्याला कोणी शिकवलेच नव्हते.

तिशी ओलांडली तेव्हा तो धान्याच्या दुकानाच्या दोन पायऱ्या चढताना दम खाऊ लागला. साखर वाढली, गुडघे बोलू लागले. झोपेत त्याचा श्वास मध्येच थांबे आणि त्याची बायको त्रिशला घाबरून त्याला हलवून जागे करी. शेवटी नागपूरला जाऊन त्याने पोट लहान करण्याचे ऑपरेशन करून घेतले. डॉक्टरांनी सगळे समजावले होते. सावकाश खा, थोडे खा, चावून खा. जेवताना पाणी नको, जेवल्यावर अर्ध्या तासाने प्या. घरच्यांनी माना डोलावल्या.

पहिले काही आठवडे डाळीचे पाणी आणि ताक चालले. ते जमले, कारण पातळ पदार्थ कोणी ताटात वाढत नाही. मऊ अन्नाची परवानगी मिळाली आणि ताट परत आले.

सोयाबीनचा हंगाम होता. बाजारात मालाच्या गाड्यांची रांग लागलेली. अंकित घरी आला तेव्हा ऊन पार अंगणाच्या कडेला गेले होते. भागिरथीबाई ताट वाढून वाटच पाहत होत्या. दोन मऊ फुलके, वरण, दुधीची भाजी आणि त्यांच्या मते अगदी नावापुरता शिरा.

"दिवस चाल्ला रे बापा, लवकर जेव," त्या म्हणाल्या.

तो भराभर जेवला. निम्म्यातच त्याचा घास अडखळला, हे मी कपाटातून ऐकले. पण ताटात टाकायचे कसे? त्याने शेवटचा कण संपवला, ताटात पाणी ओतले, धुतले आणि पिऊन टाकले. ताट पुसून होण्याआधीच तो पोट धरून मोरीकडे धावला. रात्रभर पाण्याचा घोटही टिकला नाही. सकाळी त्याला वाशिमला नेऊन सलाईन लावावे लागले.

मित्रांनो, यात कोणाला दोष द्यावा हे मला आजही कळत नाही. आईने प्रेमाने वाढले, मुलाने नियम पाळला आणि सूर्य आपल्या वेळेला मावळला.

अंकित घरी परतला, पण जेवायला बसेना. घास पाहिला की त्याला ती मोरी आठवे. डॉक्टरांनी दिलेल्या शक्तीच्या गोळ्या तशाच पडून राहिल्या. केस गळू लागले, चेहरा उतरला. दुकान नोकरांवर सोडून तो भिंतीकडे तोंड करून पडून राही. एकदा मामांचा फोन आला, तेव्हा त्याचे बोलणे मी ऐकले.

"मामाजी, म्या कायले केलं हे? जाडा होतो तं होतो, पण चार लोकांत बसत तं होतो. लोक मले वाढत होते. आता मी कोणाच्या कामाचा राह्यलो?"

ते ऐकून माझे चांदीचे काळीज काळवंडले. भागिरथीबाई दाराआड उभ्या होत्या. त्या दिवसापासून त्यांनी वाढायचे सोडले. पळी उचलत आणि तशीच परत ठेवून देत. ज्या बाईने जन्मभर वाढण्यातूनच माया केली, तिला आता आपल्या मायेचीच भीती वाटू लागली होती.

त्रिशला मात्र खमकी निघाली. ती नवऱ्याला घेऊन पुन्हा नागपूरला गेली. ऑपरेशन व्यवस्थित झाले होते. डॉक्टर म्हणाले, असा पस्तावा पुष्कळ जणांना होतो, त्याची लाज नको. पण असेच उपाशी राहिलात तर जिवावर बेतेल. त्यांनी मन मोकळे करायला एक समुपदेशक ताई जोडून दिली. ती दर आठवड्याला फोनवर बोलू लागली. आणि ताट बंद, लहान वाटी घ्या, असे डॉक्टरांनी बजावले.

घरी येऊन त्रिशलाने मांडणी धुंडाळली. सगळ्या वाट्या मोठ्या. "मांजी, एखांदी लहान वाटी हाय काय हो?" तिने विचारले.

भागिरथीबाई उठून कपाटाकडे गेल्या. मग कपाटाचे दार उघडले. लाल कापड सुटले आणि माझ्यावर उजेड पडला. इतक्या वर्षांनी धनतेरस नसताना मी बाहेर आले होते. बाईंनी मला राखेने घासले, मऊ शिजवलेली मुगाची डाळ माझ्यात घातली आणि स्वतः लेकासमोर खाटेवर नेऊन ठेवली.

अंकितने मला ओळखले. त्याचा चेहरा लाल झाला.

"मी काय पाळण्यातलं पोरगं हाव काय? थट्टा करून राह्यली माही?"

त्याने हाताने मला सारले. मी खाटेवरून खाली पडले, डाळ सांडली. भागिरथीबाई खाली वाकल्या, सांडलेले पुसले, मला उचलले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते, पण आवाज हलला नाही.

"तवाबी फेकली होती तुनं. हे पाह्य, खड्डा हाय अजून. तवाबी म्या उचलून भरली होती. तवा तुले खाता येत नव्हतं, शिकलाच ना? आता पुन्हा शिक. मीबी वाढाले पुन्हा शिकतो."

त्यांनी मला पुन्हा भरले. अंकितने मला हातात घेतले. त्याचा अंगठा माझ्या खड्ड्यात बरोबर बसला. तो एक चमचा डाळ खाऊन थांबला, बऱ्याच वेळाने दुसरा चमचा खाल्ला. वाटी संपली तेव्हा सवयीने त्याचा हात पाण्याच्या तांब्याकडे गेला आणि मध्येच अडखळला.

"आता वाटी धुऊन पेवाव कशी? डॉक्टर पाणी पेऊ देत नाही."

"उष्ट्यात जीव पडाले दोन घडी, म्हंजे पाऊण तास लागते," बाई म्हणाल्या. "तेवढ्यात तुहा अर्धा तास होते. बसू आपण."

मग मायलेक बसले. मी दोघांच्या मध्ये. आधी दुकानाचे बोलणे निघाले, मग कोणाकोणाचे. कित्येक वर्षांत ही दोघे वाढणे आणि जेवणे यापलीकडे काही बोललीच नव्हती. अर्ध्या तासाने त्याने माझ्यात घोटभर पाणी ओतले, मला धुतले आणि हळूहळू प्यायला. पुढे तोच नेम झाला. दुपारचे दुकानातून लवकर उठणे आणि ऊन असतानाच निवांत जेवणे हेही सुरू झाले.

सगळे एका झटक्यात ठीक झाले, असे मी तुम्हाला सांगणार नाही. काही दिवस तो माझ्याकडे अशा नजरेने पाही की मला लपावेसे वाटे. हलवायाच्या दुकानावरून आला की भिंतीकडे तोंड करून पडे. पण गोळ्या वेळेवर घेऊ लागला. केस गळायचे थांबले. त्याला आता शांत झोप लागे आणि त्रिशलालाही. पंगतीला जायचे मात्र तो टाळत होता. आपल्याला तिथे आता जागा नाही, असे त्याने मनाशी धरून ठेवले होते.

पर्युषणानंतर समाजाची मोठी पंगत होती. अनसिंगहून पूनमचंद मामा आले. आता ते वाकून चालतात. "चाल माह्यासंगं," एवढेच म्हणाले आणि हात धरून भाच्याला घेऊन गेले. मी अंकितच्या सदऱ्याच्या खिशात होते.

पंगतीत बसल्यावर त्याने मला बाहेर काढले आणि पत्रावळीऐवजी मला पुढे ठेवले. त्याची बोटे घामेजली होती. शेजारी कोणी तरी खुदकन हसले. जिलेबीचे ताट घेतलेला वाढपी समोर येऊन उभा राहिला.

"अंकितभाऊ, हे काय भातुकली मांडली? घ्या ना, आमच्या हातची एक तरी!"

मामांनी त्याला हाताने बाजूला केले. डाळीचे भांडे घेतले आणि गुडघे धरत धरत भाच्यासमोर खाली बसले.

"याले पयला घास म्याच भरवला होता," ते सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले. "याच वाटीतून. तेवढ्यावरच जगला न हा!"

त्यांनी एक पळी माझ्यात ओतली. दुसरी भरली. तेव्हा अंकितने माझ्यावर हात आडवा धरला.

"पुरे, मामाजी."

मित्रांनो, हा शब्द त्याच्या तोंडून मी जन्मात पहिल्यांदा ऐकला. मामांची पळी तिथल्या तिथे थांबली. कोणी आग्रह केला नाही. समोरच्या बायकांच्या ओळीत भागिरथीबाई घास हातात धरून इकडेच पाहत होत्या. लेकाचे पोट भरल्याशिवाय त्या कधी जेवल्या नव्हत्या. त्यांनी तो घास तोंडात घातला.

तुमच्या घरात, तुमच्या पंगतीत असा कोणी हात आडवा धरणारा असेल, तर माझे एवढे ऐका. तो का थोडे खातो, हे चारचौघांत विचारू नका. त्याच्या ताटाकडे पाहून हसू नका. त्याला आणखी वाढू नका. त्याच्याजवळ बसा, दोन घडी.