मिठाच्या बुरुजाचे अकरा वाचक

स्वातंत्र्यापेक्षा मोठी गोष्ट माणसाच्या आयुष्यात नाही. हे वाक्य परमेश्वर ढाकणे यांनी स्वतःच्या निरोप समारंभात, गळ्यात हार आणि हातात नारळ असताना उच्चारलं आणि जनावरांच्या दवाखान्यातल्या चौघांनी टाळ्या वाजवल्या. चौथ्या दिवशी त्यांनी त्याच दवाखान्यात फोन करून लसीचा फ्रीज नीट चालतोय का, याची चौकशी केली. फ्रीज नीट चालत होता. पाचव्या दिवशी पुन्हा केली, तेव्हाही चालत होता. सहाव्या दिवशी फोन कुणी उचलला नाही.

घरी वडवणीत ते एकटेच होते. पत्नी वच्छलाबाई पुण्याला मुलाकडे, आदिनाथकडे, नातीला सांभाळायला गेल्या होत्या. जाताना तीन महिने म्हणून गेल्या, त्याला आता दीड वर्ष होत आलं होतं. ढाकणेही निवृत्तीनंतर तिकडं गेले होते. कायमचे म्हणून गेले आणि नवव्या दिवशी परत आले. सातव्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा, त्यात यांची गादी हॉलमध्ये. सकाळी फिरून आलं की गेटवरचा वॉचमन वहीत नाव, फ्लॅट नंबर आणि येण्याचं कारण लिहायला लावी. नवव्या दिवशी ढाकण्यांनी कारणाच्या रकान्यात ‘राहतो’ असं लिहिलं. वॉचमननं ते खोडून ‘पाहुणे’ केलं. घरची मोटर चालू राहिल्यासारखी वाटतेय असं वच्छलाबाईंना सांगून ते त्याच दुपारी एसटीत बसले. मोटर बंद होती.

तर असे सुटलेले ढाकणे रोज सकाळी बाजारतळामागच्या वाचनालयात पेपर वाचायला जात. वाचनालय पिठाच्या गिरणीच्या माडीवर होतं, त्यामुळं तिथल्या सगळ्या पुस्तकांवर, मग ती संतचरित्रं असोत की स्पर्धा परीक्षांची, सारखंच पीठ बसे. ग्रंथपाल राधाकिशन हा मूळचा सिरसाळ्याचा. माणूस चांगला; फक्त पुस्तक हातात घेतलं की त्याला झोप येई, म्हणून तो घेत नसे.

एका सोमवारी पेपर दुसऱ्याच्या हातात होता आणि तो माणूस छोट्या जाहिरातींपर्यंत नेटानं वाचणारा निघाला. ढाकण्यांनी वेळ काढायला मागच्या कपाटातून एक पुस्तक ओढलं. काळं कव्हर, पाठमोरी मुलगी, ‘मिठाचा बुरूज : भाग दोन’, कुठल्या तरी परक्या भाषेतून मराठीत आणलेलं. मागच्या बाजूला लिहिलं होतं, ‘वयोगट चौदा ते अठरा’. ढाकणे साठीला टेकले होते.

“पयला भाग कुठंय रे?”

“आलाच न्हाई, डाक्टरसाहेब. वरून दुसऱ्याच्या दोन प्रती आल्या. त्यातली एक वाळवीनं वाचली. तुमी न्या की ही.”

“नोंद कर मग.”

“तुमची कावून नोंद? तुमी तर आणून देताल.”

नोंदीविषयीचं राधाकिशनचं हे धोरण होतं. ढाकणे पुस्तक घेऊन घरी आले आणि ओट्यावर बसून पहिलं पान उघडलं, ते अकरा दिवस उठले नाहीत. म्हणजे भात लावायला, चहा करायला, आंघोळीला उठले. पण मन तिथंच होतं.

गोष्ट अशी. पुढच्या कुठल्या तरी काळात समुद्र आटलेला आहे. त्याच्या तळाशी मिठाचा एक उंच बुरूज, त्यात मुलं कोंडलेली. दिवसभर मीठ खरवडायचं. नावं काढून घेतलेली, नंबर दिलेले. नेसा नावाची सोळा वर्षांची मुलगी, नंबर एकोणचाळीस, पहिल्या भागात म्हणे पळाली होती. आता पुन्हा पकडून आणलीय. बुरुजात एखादं मूल मेलं की बाकीची कुणाला सांगत नाहीत. पहाटेच्या हजेरीला त्याचा नंबर आला की दुसरं कुणी तरी आवाज बदलून ‘हजर’ म्हणतं, म्हणजे त्याची भाकरी येत राहते. नेसा पाच मेलेल्यांची हजेरी पाच आवाजांत देते. शेवटी ती मोरीच्या नळातून सुटते. पण धाकटा भाऊ खोकल्यानं खंगलाय, त्याच्यानं सरपटवत नाही. तो म्हणतो, तू जा, तुझी हजेरी मी देतो. ती बाहेर पडून मिठाच्या रानात पालथी पडलेली असते, आत पहाटेची घंटा होते, आणि भिंतीतून तिला स्वतःच्या नंबरवर भावाचा बारीक आवाज ऐकू येतो. हजर. पुस्तक तिथं संपतं.

ढाकण्यांनी पुस्तक मिटलं आणि चष्मा पुसला. चष्मा स्वच्छच होता. मग त्यांच्या लक्षात आलं की आता हे कुणाला तरी सांगायला पाहिजे. नुसतं सांगायलाही नाही. ज्यानं ते वाचलंय अशा एका माणसासमोर बसून ‘तो भाऊ हो!’ एवढंच म्हणायला पाहिजे, आणि त्यानं मान हलवायला पाहिजे.

वच्छलाबाईंना फोन लावला.

“अगं, एक पोरगी असते, तिला बुरुजात कोंडलेलं असतं...”

“कुणाची हो?”

“पुस्तकातली.”

“अहो, इथं आरोहीला दाढा येतायत, रात्रीपासून रडतेय. तुम्ही जेवलात का?”

“जेवलो.”

“ती आता आबा म्हणायला लागलीय. तुमच्या फोटोला. मी रोज सकाळी दाखवते, आबा इथंच आहेत म्हणते. बरं ठेवते, दूध उतू चाललंय.”

ढाकण्यांनी आदिनाथला मेसेज केला, ‘एक सुंदर कादंबरी वाचली’. त्यावर अंगठा आला.

तेव्हा कुठं त्यांनी पुस्तकाचं शेवटचं पान उलटून पाहिलं. तिथं देवघेवीची चिठ्ठी चिकटवलेली होती. बारा ओळी, बाराही भरलेल्या, गेल्या तीन वर्षांतल्या. वडवणीत हे पुस्तक वाचलेली इतकी माणसं होती, आणि ते एकटेच ओट्यावर बसले होते!

हुरळून जायला ढाकणे काही दुधखुळे नव्हते. नोकरीची तीस वर्षं त्यांनी शिरूर कासारपासून माजलगावपर्यंत काढली होती आणि गरज पडेल तेव्हा अस्तित्वात नसलेल्या म्हशींना कागदावर लसही टोचली होती. चिठ्ठीवर पहिलं नाव विठ्ठलरावांचं होतं. विठ्ठलराव पुस्तक छापायच्या आदल्या साली वारले होते. ढाकणे त्यांच्या दहाव्याला गेले होते. तिसरं नाव अंगदचं. अंगदचं स्टँडसमोर पंक्चरचं दुकान. ढाकणे मुद्दाम तिथं गेले.

“अंगद, मिठाचा बुरूज वाचलास?”

“डाक्टर, दोन दिस झाले जॅक सापडंना मला. पुस्तक कुठं वाचता?”

दहा नावं अशी निकालात निघाली. अकरावं राहिलं : मनकर्णा, सिरसाळा. आणि ते दोनदा होतं. नऊ मार्च ते पंधरा मार्च, आणि लगेच सोळा मार्चपासून पुन्हा.

इथं ढाकण्यांचा तीस वर्षांचा अनुभव कामाला आला. खोटी नोंद करणारा माणूस एकच नाव लागोपाठ दोनदा कधीच लिहीत नाही. ते स्वतः एका मालकाची म्हैस एका पानावर पुन्हा येऊ देत नसत. तपासणीत पहिलं बोट त्यावरच पडतं. दोनदा आलेलं नाव खरंच असणार. म्हणजे सिरसाळ्यात एक बाई होती, जिनं हे पुस्तक सहा दिवसांत वाचलं, मिटलं, आणि राहवेना म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या पानापासून सुरू केलं. ढाकण्यांना तिचा चेहरासुद्धा दिसायला लागला. निवृत्त शिक्षिका असावी. चष्मा असावा. पहिला भागही तिनं कुठून तरी मिळवलेला असावा.

“मनकर्णाबाई कोण रे?” त्यांनी राधाकिशनला विचारलं.

राधाकिशननं आधी खिडकीतून बाहेर पाहिलं, मग खाली गिरणीत. “मावशी हाय माझी. कावून?”

“वाचतात का?”

“लई,” राधाकिशन म्हणाला.

गुरुवारी ढाकण्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, पुस्तक पिशवीत घेतलं आणि परळीची एसटी धरली. बसमध्ये त्यांनी पहिलं वाक्य ठरवून ठेवलं. ‘तो भाऊ हो!’ हे एकदम बरं दिसणार नाही. आधी नमस्कार, मग भाऊ. सिरसाळ्यात उतरून मनकर्णाबाईंचं घर विचारलं तर एकानं गावाबाहेरचा पत्र्याचा गोठा दाखवला.

गोठ्यापुढं सत्तरीची एक बाई शेळीचा खूर मांडीवर घेऊन काटा काढत होती.

“मनकर्णाबाई?”

“मीच. तुमी ते डाक्टर न्हवं का? आमच्या बोकडाला सुई मारलीती, फुगला व्हता तवा.”

“असंल. मी... वडवणीच्या वाचनालयातनं आलो. पुस्तकाचं होतं.”

बाईनं खूर सोडला नाही. “राध्यानं काय केलं आता?”

“काही नाही. तुम्ही एक पुस्तक नेलं होतं ना, दोनदा?”

“म्या? मला सई येत न्हाई, डाक्टर. राध्या आलता तीन सालामागं, आधारची झेराक्स नेली, अंगठा घेतला. घरकुलाचं हाय का म्हनलं, तर म्हनला न्हाई, वाचनाचं हाय. म्हनलं ने बाबा.”

ढाकणे पिशवी धरून उभे राहिले. परतीची बस दीड तासानं होती. जायला दुसरी जागाही नव्हती. बाईनं उपडी बादली पुढं सरकवली, तेव्हा ते तिच्यावर बसले.

“माझ्या नावावर दोनदा वाचलं म्हनता?”

“दोनदा.”

“मग सांगा तरी काय वाचलं म्या.”

ढाकण्यांनी सुरुवात केली. आधी थोडक्यात सांगायचं ठरवलं होतं. पण समुद्र आटल्यापासून त्यांचा आवाज मोकळा होत गेला. बाई ऐकत होती, हात शेळीच्या खुराशी.

“पर पोरीला कोंडली कावून?”

“ते पहिल्या भागात आहे.”

“त्यो कुठंय?”

“आलाच नाही.”

“म्हंजी तुमालाच म्हाईत न्हाई.”

“नाही.”

“बरं, पुढं.”

मेलेल्यांच्या हजेरीपाशी बाईनं पहिल्यांदा मान वर केली. “एका मेल्याची किती भाकर यायची?”

“अर्धी.”

“म्हंजी पाचाची अडीच. खाणारी किती?”

“लिहिलेलं नाही.”

“लिव्हायला पायजे व्हतं,” बाई म्हणाली. काटा निघाला. तिनं तो ढाकण्यांना दाखवला आणि फेकला. मग मोरीचा नळ आला, भावाचा खोकला आला, घंटा झाली, आणि ढाकण्यांनी त्या बारीक आवाजात स्वतः ‘हजर’ म्हटलं. शेळीनं कान टवकारले.

बाईनं काटा निघालेली जागा अंगठ्यानं दाबून धरली.

“किती दिस पुरंल त्याचा आवाज?” तिनं विचारलं.

“पुस्तक तिथंच संपलं.”

“अन् ती बाहीर पडून काय करती?”

“ऐकत बसते.”

“हूं.” बाईनं शेळी सोडली, हात लुगड्याला पुसले. “तुमची मंडळी कुठं असत्यात?”

“पुण्याला. मुलाकडं. नात आहे लहान.”

“अन् तुमी?”

“मी गेलतो. आलो परत.”

बाईनं त्यांच्याकडं पाहिलं, मग शेळ्यांकडं, मग आत जाऊन कोरा चहा ठेवला. चहाबरोबर तिनं त्यांना एका गाभण शेळीचं पोट बघायला लावलं. ढाकण्यांनी दोन्ही हातांनी तपासून दोन पिल्लं आहेत म्हणून सांगितलं. निरोपानंतर पहिल्यांदाच त्यांना कुणी तरी कशाला तरी हात लावायला सांगितलं होतं.

शुक्रवारी ते पुस्तक परत करायला माडी चढले. राधाकिशन आधीच उभा होता; मावशीचा फोन येऊन गेला होता.

“डाक्टरसाहेब, रागवू नका. तपासणीला वाचक दाखवावं लागत्यात. पुस्तक कपाटात नुसतं पडलं तर अनुदान तुटतंय. वडवणीतली नावं संपली, मग सिरसाळ्यातली घेतली. ती बी संपली, मग मावशी दोनदा झाली.”

“कुणी तरी हजेरी द्यायला पाहिजेच,” ढाकणे म्हणाले. राधाकिशनला हे कळलं नाही, पण माणूस रागावलेला नाही एवढं कळलं.

“आता माझी नोंद कर,” ढाकणे म्हणाले. “मी वाचलंय.”

“आता?”

“आताच. तारखेसकट.”

राधाकिशननं पेन काढलं, पुस्तकाचं शेवटचं पान उघडलं, बोट वरून खाली नेलं आणि पेन परत खिशाला लावलं.

“जागा न्हाई, साहेब. बारा ओळीच असत्यात. नवीन चिठ्ठ्या छापून आल्या की करतो.”

“कधी येतात?”

“तपासणीच्या आधी.”

पुस्तक मागच्या कपाटात, खालून दुसऱ्या फळीवर गेलं. चिठ्ठीवर त्याचे अकरा वाचक आहेत. परमेश्वर ढाकणे त्यात नाहीत.