भाडेकरूसह गाळा

"आठ टक्के, अंकल. लिहून घ्या," दीपेश म्हणाला आणि त्याने कॅल्क्युलेटर टेबलावरून आलोशियसकडे सरकवला. "नव्वद लाखांचा गाळा, महिना साठ हजार भाडं. शिवाय भाडेकरू बसलेला आहे. डेंटिस्ट. पहिल्या महिन्यापासून पैसे चालू. बँकेत ठेवून एवढं मिळतं का? तुम्ही तर बँकेतलेच."

आलोशियसने आकडा पाहिला. भागाकार बरोबर होता. भाडेकरूबरोबरचा करार बघायला मिळेल का, असं त्याने हळूच विचारलं. दीपेशकडे तो तयारच होता. पाच वर्षांचा, नोंदणी केलेला. दीपेशच्या दलालीच्या कचेरीच्या काचेतून विरारच्या बोळिंजमधल्या त्या नव्या इमारतीचे गाळे दिसत होते. दोन-तीन उघडे, बाकीच्यांची शटरं खाली.

"शनिवारी टोकन देतो," स्टॅनी म्हणाला. मग चुलत्याकडे वळून, "अंकल, तुम्ही फक्त एकदा नजर टाका." नजर टाका, असंच तो म्हणाला. काय वाटतं ते सांगा, असं म्हणाला नाही.

स्टॅनीची कंपनी वसईतून गुजरातला गेली आणि तो इथेच राहिला, त्याला दीड वर्ष झालं होतं. आगाशीजवळच्या वाडीचा मागचा तुकडा त्याने पावसाळ्याआधी विकला. चाफ्याची झाडं तोडायला माणसं आली त्या दिवशी तो सकाळीच स्कूटर घेऊन कुठेतरी निघून गेला होता. आता त्या पैशांतून हा गाळा घ्यायचा आणि भाड्यावर घर चालवायचं, दोन्ही मुलांच्या फिया भरायच्या. दुसरी जमीन विकायला उरली नव्हती. होता तो राहत्या घराभोवतीचा भाग.

आलोशियसचं मत न विचारण्याला कारण होतं. तीस वर्षांपूर्वी स्टॅनीच्या वडिलांना नालासोपारा स्टेशनजवळ एक गाळा मिळत होता. आलोशियस तेव्हा बँकेच्या कर्ज विभागात होता. त्याने चार पानं हिशेब केला आणि नको म्हणून सांगितलं. त्या गाळ्याची आजची किंमत घरातल्या प्रत्येक लग्नात आणि बाप्तिस्म्यात कुणी ना कुणी काढतंच. "पैसा दारात आला होता. आलोशियसने त्याला व्याजदर विचारला, तो परत गेला," हे वाक्य तर पाहुण्यांनाही पाठ होतं. भाऊ मात्र मरेपर्यंत त्याबद्दल एक शब्द बोलला नाही. आलोशियसला त्याचाच जास्त त्रास होई.

दुपारी जेवणाच्या टेबलावर त्याने कागद मांडले. भाड्यातून सोसायटीचा खर्च वजा केला, घरपट्टी वजा केली. एक भाडेकरू जाऊन दुसरा येईपर्यंत गाळा रिकामा राहतो, ते महिने धरले. स्टॅम्प ड्यूटी किमतीत मिळवली. आठाचे सहा झाले. सहाही वाईट नव्हते. पण सगळी उतरंड त्या साठ हजारांवर उभी होती. त्याने शेजारच्या इमारतींत फोन करून विचारलं, तर तशाच गाळ्याला कुणी पंचवीस सांगितलं, कुणी अठ्ठावीस. मग ही एकटी डॉक्टरच साठ का देते? चांगली चालत असेल. आजकालचं आपल्याला कळत नसेल. नालासोपाऱ्याचं तरी कुठे कळलं होतं?

प्रिस्का, त्याची बायको, समोर गवार मोडत बसली होती. "दाढ दुखते म्हणून महिनाभर माझं डोकं खाताय," ती म्हणाली. "तिच्याकडेच जा की. दाढ पण होईल आणि तुमची बँक पण होईल."

तो गेला. दवाखान्यात दुसरं कुणीच नव्हतं. बाहेरच्या खुर्च्यांवरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नव्हतं. डॉक्टर अश्लेषा सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची असेल. चिपळूणची. वडील एसटीतून निवृत्त झालेले. हे सगळं तिने इंजेक्शन देऊन हिरडी बधिर होईपर्यंतच्या वेळात आपणहून सांगितलं. बोलायला माणूस मिळाल्याचा आनंद तिला लपवता येत नव्हता. दाढ वाचेल, तीन वेळा यावं लागेल, म्हणाली.

"इथे भाडं बरंच असेल," आलोशियस म्हणाला. अर्धा ओठ बधिर झाला होता. आपण काय करतोय हे कळत होतं आणि लाजही वाटत होती.

"कागदावर साठ हजार." ती हसली. "पण बिल्डर वर्षभर ते परत टाकतात ना माझ्या खात्यात. नवीन डॉक्टरला मदत म्हणून. नाहीतर मला कुठलं परवडायला, काका? ही खुर्चीसुद्धा बाबांनी कर्ज काढून घेतलीय."

"आणि वर्ष झाल्यावर?"

"तोवर बसेल जम. गाळ्याला नवीन मालक येणार आहेत म्हणे. दीपेशसर बोलणार आहेत त्यांच्याशी, भाडं कमी करायचं."

नवीन मालक म्हणजे कुणीतरी प्रेमळ वडीलधारा माणूस असणार, अशा सुरात ती बोलत होती. त्या मालकाचा चुलता खुर्चीत आडवा पडून छताकडे बघत राहिला.

शुक्रवारी संध्याकाळी तो स्टॅनीच्या ओट्यावर बसला. कागद आणले होते, पण पिशवीतून काढले नाहीत. हे भाडं कुणी देत नाही, हे त्याने दोन वाक्यांत सांगितलं. गाळा खपवायला बिल्डरच स्वतःचे पैसे फिरवतोय. गाळा विकला गेला की वर्षाच्या आत पोरगी उठेल आणि मग पंचविसावर दुसरा भाडेकरू शोधावा लागेल. आठ टक्के नाहीत. तीनसुद्धा हातात पडायचे नाहीत.

आत त्याची बायको जेसिका भांडी लावत होती, तो आवाज थांबला.

"अंकल, पप्पांच्या वेळी पण तुमचे आकडे बरोबरच होते ना?"

"होते," आलोशियस म्हणाला. "आकडे बरोबर होते, आणि मी चुकलो. आताही चुकेन कदाचित. उद्या तिथे रस्ता मोठा होईल, भाव चढतील. ते मला माहीत नाही. पण आज तो गाळा रिकामा आहे, स्टॅनी. आत माणूस बसलाय, तरी रिकामा आहे."

जेसिकाने चहा आणला, तो पिऊन आलोशियस उठला.

शनिवारी टोकन गेलं नाही. डॉक्टरच्या बँक खात्याचा उतारा दाखवा, एवढंच स्टॅनीने दीपेशला सांगितलं. त्यानंतर दीपेशचा एकच फोन आला, तोही आलोशियसला. गाळा वर्षभरात सव्वा कोटीला जाईल, तेव्हा पुतण्याला तोंड दाखवा, म्हणाला. आलोशियसने ते ऐकून घेतलं. तेव्हापासून पेपरातल्या विरारच्या जाहिराती तो रोज वाचू लागला. एकदा बोळिंजचा भाव वाढलेला दिसला आणि त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. रविवारी चर्चमधली मिस्सा सुटल्यावर स्टॅनी पूर्वी दोन मिनिटं थांबायचा. आता स्कूटरवरूनच हात करायचा.

दाढेची दुसरी खेप झाली होती. तिसऱ्या खेपेला गेला तेव्हा दवाखान्यातल्या खुर्च्या एकावर एक रचून भिंतीला लावल्या होत्या. औषधांचं कपाट रिकामं होतं, खोकी दोरीने बांधलेली. बिल्डरने परतीचे पैसे बंद केले होते. खरं भाडं भरा नाहीतर महिनाअखेरीस गाळा सोडा, असं कळवलं होतं. अश्लेषाने हे सांगितलं ते खोक्यातून हातमोजे शोधता शोधता. यंत्राची खुर्ची घ्यायला टेम्पो संध्याकाळी येणार होता. बाकीच्या पेशंटना दुसऱ्या डॉक्टरांचे पत्ते दिलेत, म्हणाली. कॅप तेवढी करून आली होती, ती बसवून देते.

आलोशियस आडवा झाला. आपण बोलायला हवं, असं त्याला वाटलं. कुठून सुरुवात करावी ते ठरेपर्यंत तिने गालात कापूस ठेवला, लाळ ओढणारी नळी लावली आणि दिवा खाली ओढला. कॅप बसवली, काढली, कडेला किंचित घासली, पुन्हा बसवून पाहिली. कुठेही घाई नव्हती.

"माझ्या खात्याचा उतारा मागणारे ते स्टॅनी," ती दाढेकडेच बघत म्हणाली, "तुमचे पुतणे ना?"

त्याने मान हलवली.

"मान हलवू नका," अश्लेषा म्हणाली. डाव्या हाताने तिने त्याची हनुवटी धरली आणि सिमेंट सुकेपर्यंत तशीच धरून उभी राहिली.